वीतभर शिवण

रसग्रहण बहुधा कवितेचं होतं. गाण्याचंही होतं, कधी एखाद्या चित्राचं. इथे ते एका शिवणीचं करायचं आहे. जुन्या जीपगाडीच्या ड्रायव्हर सीटची ही शिवण, सीटच्या उजव्या कडेला, जेमतेम वीतभर. गाडी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात असते. सध्याच्या मालकाने ती सेकंडहँड घेतली तेव्हा ही कड उसवून आतला पिवळा पडलेला फोम बाहेर डोकावत होता. गावातल्याच एका वयस्क कारागिराने ती हाताने शिवली. ट्रॅक्टरच्या सीटा, मोटरसायकलच्या गाद्या, बाकांचं रेक्झिन अशी कामं ते करतात. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणतात.

कापड ही वाचायची वस्तू आहे हे या मुलखाला नव्याने सांगायला नको. शेजारच्या अंबाजोगाईत दासोपंतांनी (१५५१ ते १६१५) ‘पंचीकरण’ कागदावर न लिहिता पासोडीवर लिहिलं. जाड, लांबच लांब कापड हीच तिथे पोथी. चाचांच्या शिवणीत वेदान्त शोधायचा नाही. पण ती नीट समजून घ्यायची तर डोळे तसेच जवळ न्यावे लागतात, आणि हाताने चाचपून पाहावं लागतं.

रसग्रहणात पहिली विचारपूस विषयाची. इथे विषय उसवण्याचा आहे, आणि सीट उजव्या कडेलाच का उसवली हे कळल्याशिवाय पुढचं काही उलगडत नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या दारातून बसतो. सुमो, मार्शल, बोलेरो अशा उंच बांध्याच्या गाड्यांत तर तो बसत नाही, चढतो. डावा पाय आत, हात स्टेअरिंगवर, मग सगळं वजन सीटच्या कडेवर टाकून अंग आत सरकवायचं. उतरताना तेच उलट्या क्रमाने. उजवा पाय जमिनीला लागेपर्यंत मांडीचा भार त्याच कडेवर. सीटच्या मधल्या भागावर माणूस नुसता बसतो, कडेवरून तो घसरतो. बसण्याने फोम दबतो, घसरण्याने शिवण ताणली जाते. म्हणून जुन्या गाडीची सीट मधून ठणठणीत आणि बाहेरच्या कडेला मात्र उसवलेली, असं हमखास पाहायला मिळतं.

यावरून गाडीची चालही ओळखता येते. लांब पल्ल्याच्या गाडीचा ड्रायव्हर शंभर किलोमीटरमध्ये एकदा-दोनदा खाली उतरतो. शेत, बाजार, केजची कचेरी, बँक, पुन्हा शेत अशी फिरणारी गाडी तेवढ्याच अंतरात त्याला कितीतरी वेळा चढ-उतार करायला लावते. या सीटचा मधला भाग फारसा दबलेला नव्हता आणि कड मात्र पार गेली होती. म्हणजे गाडीने रस्ते कमी पाहिले, दारं जास्त उघडली. जुन्या गाड्या पारखणारे लोक मीटरच्या आकड्याआधी पेडलचं रबर, स्टेअरिंगचा गुळगुळीतपणा आणि सीटची ही कड पाहतात, ते उगीच नाही. मीटर मागे फिरवून देणारे भेटतात. शिवण मागे फिरवून देणारा अजून कुणाला भेटलेला नाही.

आता उसवण्याची रीत. या कडेला दोन तुकडे एकत्र येतात: बसायच्या बाजूचं कापड आणि बाहेरच्या बाजूचं रेक्झिन. दोन्हीच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून आतून टीप मारलेली, मग पालथं करून ते फोमवर चढवलेलं. कारखान्यातल्या मशीनची ही टीप दोन दोऱ्यांची असते, वरचा सुईचा आणि खालचा बॉबिनचा. प्रत्येक टाक्याला दोन्ही दोरे मालाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. एलियास हाऊ या अमेरिकी कारागिराने १८४६ साली याच टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, आणि घरातल्या पायमशीनपासून कारखान्यापर्यंत बरीचशी शिलाई आजही त्याच तत्त्वावर चालते. खताच्या पोत्याचं तोंड शिवतात तो साखळी टाका. त्याचं नेमकं टोक हाताला लागलं की तो सर्रकन सुटतो. दोन दोऱ्यांची टीप तशी सुटत नाही. तिचा एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात, पण तुटलेल्याचा ताण आता त्यांच्यावर येतो. मग त्यांतला एक जातो. या सीटची कड एका झटक्यात उघडी पडलेली नव्हती, ती टाक्याटाक्याने गेली होती. हे ओळखायची खूणही होती: मधले टाके नाहीसे झालेले, त्यांच्या दोन्ही बाजूंचे टाके जागेवर पण सैल, आणि त्यांच्याही पलीकडचे घट्ट. उसवण कुठे सुरू झाली, कुठपर्यंत आली आणि पुढे कुठे निघाली होती, हे सगळं तिथे मांडून ठेवलेलं होतं.

दोऱ्याने दम का तोडला, याची कारणं तीन. पहिलं ऊन. बीडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आणि काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत तापमान त्याच्याही खूप वर जातं. खिडकीतून येणारं ऊन ज्या कडेवर आधी पडतं ती हीच. नायलॉनचा दोरा ताकदीला उत्तम, पण उन्हातले अतिनील किरण त्याला पॉलिएस्टरपेक्षा लवकर खातात. दुसरं कारण धूळ. मांजरा खोऱ्यातली काळी माती वाळून उडायला लागली की तिचे बारीक कण शिवणीच्या खाचेत जाऊन बसतात. सीट वरून झटकली की स्वच्छ दिसते; खाचेतली धूळ मात्र दर चढ-उताराला दोऱ्यावर घासत राहते. तिसरं कारण रेक्झिनचं आखडणं. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. तो मऊ राहावा म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातात. गाडीच्या काचेवर आतून जो धुरकट, चिकट थर जमतो, त्यात याचाही वाटा असतो. द्रव उडाला की माल ताठर होतो, आकसतो, आणि ती ओढ शेवटी टाक्यांवर येते.

एवढं होऊनही कापड आणि रेक्झिन जवळजवळ जसंच्या तसं होतं. वीत म्हणजे बारा बोटं. त्यातली पुढच्या टोकाची दोन बोटं सोडली तर कुठे फाटलेलं नव्हतं. चाचांनी सीटशेजारी उकिडवं बसून दोन्ही काठ अंगठ्यांनी जवळ आणले, सोडले, पुन्हा जवळ आणले, आणि म्हणाले, “दोरा गेलाय. माल शाबूत हाय.”

गाडीमालक तरुण. त्याला उपाय सुचला. “चाचा, मग आता असा दोरा घाला की परत जायचं नावच नको. मासे धरायची तंगूस आणून देऊ का?”

चाचांनी मान हलवली. “दोरा मालापेक्षा जोरात नको, बाबा. दोरा तुटला तर मी हाय. माल फाटला तर सीट गेली.”

या शिवणीचा आशय या बोलण्यात आहे, आणि पुढची प्रत्येक कृती त्यातून निघते. शिवण हा दोन तुकड्यांमधला करार असतो, आणि ताण हाताबाहेर गेला की कुणीतरी मोडायचं असतं. मालापेक्षा कमी ताकदीचा दोरा आधी मोडतो आणि कापड वाचवतो. तंगुशीसारखा न तुटणारा, गुळगुळीत, कडक दोरा ताण आपल्या अंगावर घेत नाही, तो सरळ भोकांच्या काठावर टाकतो. जुनं, ताठर रेक्झिन तिथे चिरतं. एक भोक लांबतं, शेजारच्या भोकाला मिळतं, आणि दोरा धडधाकट असताना माल रेषेत फाटत जातो. मग शिवायला काठच उरत नाही. उसवणं हा आपण सीटचा दोष समजतो. चाचा त्याच्याकडे सीटने राखलेली शिल्लक म्हणून पाहतात.

दोऱ्याची निवड त्याच हिशेबाने झाली. दोऱ्याची जाडी टेक्स या मापात सांगतात: हजार मीटर दोऱ्याचं जे ग्रॅममध्ये वजन, तेवढे टेक्स. शर्ट शिवायचा दोरा साधारण २५ ते ३० टेक्सचा असतो, गाडीच्या सीटला ७० ते ९० च्या आसपासचा चालतो, आणि १३५ चा दोरा जाड चामड्यासाठी, ताडपत्रीसाठी राखून ठेवलेला बरा. चाचा टेक्सच्या भानगडीत पडत नाहीत. रिळावरचा दोरा चिमटीत फिरवतात, दोन्ही हातांत धरून झटका देतात, मग त्याच्या शेजारी सीटच्या घट्ट टाक्यांतून डोकावणारा जुना दोरा पाहतात. त्यांनी घेतलेला दोरा काळा, पॉलिएस्टरचा, जुन्याच्या जाडीचा. त्यावर मेणाचा तुकडा ओढून घेतला. मेणाने दोरा भोकांतून जाताना कमी घासतो, त्याचे पदर सुटत नाहीत, आणि ओढलेला टाका हात सोडल्यावरही मागे सरकत नाही.

चाचांची तयारी शिवण्यापेक्षा जास्त वेळ खाणारी होती, आणि पाहण्यासारखी तीच. गाडी त्यांनी आधी उन्हात लावायला सांगितली, दार उघडं, सीटची कड सूर्याकडे. गार रेक्झिन वाकवलं तर तडकतं, ऊन खाल्लेलं मऊ होऊन वळतं. मग सीटच्या खाली हात घातला. खोळीची खालची किनार लोखंडी सांगाड्याला तारेच्या कड्यांनी अडकवलेली असते. उजव्या बाजूच्या काही कड्या पक्कडीने उघडून त्यांनी खोळ सैल केली. बाहेरून दिसणाऱ्या शिवणीसाठी खालून सुरुवात का, तर काठ जवळ आणायला जबरदस्ती करावी लागली तर ती जबरदस्ती टाक्यात कायमची राहते. ताण आधी उतरवायचा, टाका नंतर घालायचा, आणि शेवटी कड्या पुन्हा आवळून ताण हळूहळू परत द्यायचा. घाईच्या दुरुस्त्या इथेच फसतात: ताणलेले काठ तसेच ओढून शिवले जातात, शिवण दिसायला घट्ट होते आणि पहिल्या उतरण्यालाच करकरते.

खाचेतली धूळ दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली. तुटक्या दोऱ्याचे तुकडे चिमट्याने एकेक वेचले, पण दोन्ही टोकांशी जिथे टीप अजून शाबूत होती तिथले लोंबते दोरे ओढले नाहीत. ते सुईत ओवून आत घेतले आणि जागीच अडकवले, म्हणजे उसवण आणखी पुढे जाऊ नये. उघड्या पडलेल्या फोमचा वरचा थर बोट लावताच भुगा होऊन गळत होता. तो खरवडून त्यांनी नव्या फोमची पातळ चकती बसवली, त्यावर मांजरपाटाची पट्टी अंथरली. ही पट्टी कुणाला दिसणार नाही. पण फोम आणि शिवण यांचं एकमेकांवर घासणं तिच्यामुळे थांबतं, आणि फोमचा भुगा खाचेत येत नाही.

आणि मग टाका. सीट गाडीतच असल्याने आतून हात घालायला वाव नाही, जे करायचं ते बाहेरून. म्हणून सुई वाकडी, चंद्रकोरीच्या घडणीची. ती एका भोकातून आत जाते, वळण घेऊन त्याच काठाच्या पुढच्या भोकातून वर येते, समोरच्या काठावर जाते, तिथे पुन्हा एक टाका आतून चालते, परत अलीकडे येते. काठांना समांतर चालणारा दोरा घडीच्या आत राहतो, एका काठावरून दुसऱ्यावर जाणारा तेवढा उघडा. पाच-सहा टाके सैल घातले की शिडीच्या पायऱ्या दिसतात. मग चाचा दोरा शिवणीच्या दिशेने, वर न उचलता, सावकाश ओढतात. काठ एकमेकांना मिळतात आणि दोरा दिसेनासा होतो. या क्षणी काम संपलं असं पाहणाऱ्याला वाटतं. चाचा मात्र तिथे एक टाका मागे घेतात, म्हणजे आधीच्याच भोकातून दोरा पुन्हा फिरवतात. उद्या दोरा कुठेही तुटला तरी उसवण या अडसराशी थांबेल. दर पाच-सहा टाक्यांनी असा एक थांबा. छंदात जागोजागी यती येते ती श्वासासाठी. ही यती वाईट वेळेसाठी.

छंदाचं नाव निघालंच आहे तर रचनेकडे वळू. या शिवणीत एकही भोक नवं नाही, निदान त्या दहा बोटांत. विणलेल्या कापडात सुई धागे बाजूला सारून जाते, आणि काढली की धागे पुन्हा जवळ येतात. रेक्झिनचं तसं नाही, पीव्हीसीच्या थराला पडलेलं भोक कायमचं. जुन्या रांगेशेजारी नवी रांग पाडली तर मधे मालाची चिंचोळी पट्टी उरते आणि ताण आला की तीच आधी जाते. म्हणून मशीनने कधीकाळी पाडलेली भोकं शोधून, त्यातूनच सुई काढायची. दर इंचाला सहा-सात, म्हणजे एका काठाला पन्नास-साठ. काही धुळीने बुजलेली, काही आकसून बारीक झालेली. ती आरीचं टोक हलकेच फिरवून मोकळी करायची, मोठी होऊ द्यायची नाहीत. वृत्त दुसऱ्याने ठरवलेलं आहे, अक्षरं तेवढी आपली.

आणि वृत्त बिघडलेलं होतं. कारखान्यात शिवताना समोरासमोर असलेली भोकं आता समोरासमोर उरलेली नव्हती. कापड वापराने ताणलं गेलं, रेक्झिन उन्हाने आकसलं, आणि वीतभर अंतरात दोन्ही काठांच्या हिशेबात तफावत पडली. सरळ एकास एक शिवत गेलं असतं तर शेवटी कापडाचा फुगा उरला असता आणि तो कुठेतरी चिमटून दाबावा लागला असता. शर्टाला बाही लावताना शिंपी जादा कापड एका जागी गोळा होऊ देत नाही, बाही थोडी थोडी मुरवत नेतो. चाचांनी कापडाची बाजू तशीच मुरवली. मधूनमधून कापडाचं एक भोक वगळलं, पुढचं घेतलं. कुठे वगळलं ते काठ बोटांनी उघडल्याशिवाय सापडत नाही. तफावत नाहीशी झाली नाही, ती सगळ्या लांबीवर वाटली गेली. या दुरुस्तीतली सर्वांत अवघड जागा ही, आणि तीच कुणाच्या लक्षात येत नाही.

लक्षात येते ती पुढच्या टोकाची दोन बोटं जागा. सीटची कड जिथे गुडघ्यापाशी खाली वळते तिथे रेक्झिनची भोकं एकमेकांत मिसळून चीर पडली होती. दोरा टिकून राहिला आणि माल गेला, अशी या सीटवरची ही एकच जागा. चाचांच्या बोलण्याचा पुरावा त्याच कडेवर होता. इथे जुन्या भोकांत शिवण्याचा नियम चालत नाही, कारण भोकंच उरलेली नाहीत. चाचांनी आतून कॅनव्हासची पट्टी सरकवली, ती गोंदाने रेक्झिनच्या पाठीला चिकटवली आणि वाळू दिली. मग चिरेपासून थोडं मागे, शाबूत मालात, दूर दूर अंतरावर नवी भोकं पाडली आणि वरून दिसेल असा टाका घातला. कॅनव्हासमुळे ताण आता चिरेवर न येता पट्टीच्या रुंदीवर पसरतो. भोकं दूर ठेवली कारण जवळ जवळ पाडली तर तीही उद्या एकमेकांत मिसळतील. झटकन चिकटणारा पातळ गोंद थेंबभर टाकला असता तर काम चुटकीसरशी झालं असतं, पण तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि वळणाऱ्या कडेवर त्याच्या शेजारीच नवी चीर पडते.

दहा बोटं न दिसणारी आणि दोन बोटं उघड दिसणारी, असा हा एकाच शिवणीतला शैलीबदल. कुणी म्हणेल, विसंगती. तसं वाटत नाही, कारण दोन्हीकडे प्रश्न वेगळा आहे. जिथे माल शाबूत होता तिथे कारागीर जुन्या रेषेमागे लपला. जिथे माल गेला होता तिथे लपायला जागा नव्हती, आणि त्याने लपण्याचं सोंगही केलं नाही. वरून रंग फासून किंवा तेवढ्याच भागावर चकतीचं ठिगळ लावून ती जागा झाकता आली असती. ती झाकलेली नाही, त्यामुळे पुढे बिघडलीच तर कुठे पाहायचं हे कुणालाही कळेल.

शेवटची गाठ कुठे आहे, हे शोधणाऱ्याला सापडत नाही. दोरा संपत आला तेव्हा चाचांनी घातलेल्या टाक्यांतून उलट दिशेने तो परत नेला, मग सुई फोममध्ये खोल घालून लांबवर बाहेर काढली, दोरा जरा ताणून धरला आणि कापला. ताण सुटताच टोक आत ओढलं गेलं. पॉलिएस्टरचं टोक आगपेटीच्या काडीने वितळवून गोळी करायची रीत अनेकांची आहे. चाचांनी काडी ओढली नाही. पॉलियुरेथेनचा फोम पेट घ्यायला वेळ लावत नाही, आणि उघड्या फोमजवळ ज्योत नेण्याइतकी ती गोळी मोलाची नाही.

दोषही सांगायला हवेत, नाहीतर हे रसग्रहण न राहता स्तुतिपाठ होईल. नवा दोरा जुन्यापेक्षा जास्त काळा आहे. उन्हाने करडी पडलेली सीट आणि कुळकुळीत दोरा यांचं वळणापाशी जुळत नाही. हाताचा ताण मशीनइतका एकसारखा राहत नाही, त्यामुळे मधे एका जागी शिवण किंचित वर उठलेली बोटाला लागते. कॅनव्हासच्या जागी कड जाडसर झाली आहे आणि उतरताना मांडीला ती कळते. यातले पहिले दोन दोष वापराने बोथट होतील. तिसरा राहील. तो पत्करून चीर थांबवली, हा सौदा चाचांनी जाणूनबुजून केला.

या हातकामाची नाळ जुनी आहे. विहिरीवर इंजिन आणि मोटारपंप येण्याआधी पाणी चामड्याच्या मोटेने उपसलं जायचं. मोटेच्या शिवणीला पाण्याचं वजन पेलावं लागे आणि पाणी धरूनही ठेवावं लागे. चामडं शिवणारे कारागीर आरीने भोक पाडून एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा नेतात. त्या शिवणीचा एक टाका तुटला तरी बाकीचे आपापल्या जागी राहतात. सीटला मागून हात पोचत नाही म्हणून इथे तो टाका घालता येत नाही. दर पाच-सहा टाक्यांनी मागे घेतलेला चाचांचा टाका हे त्याच शहाणपणाचं जमेल तेवढं रूप. हत्यारं बदलली, रापीच्या जागी ब्लेड आलं, चामड्याच्या जागी रेक्झिन आलं. आरी तीच राहिली.

दोरा आधी तुटला पाहिजे, हे तत्त्व आजच्या गाड्यांनी तर जीव वाचवायच्या कामी लावलं आहे. अनेक नव्या गाड्यांत बाजूची एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीतच बसवलेली असते. सीटच्या बाहेरच्या कडेला तसं सांगणारी छोटी पट्टी शिवलेली दिसते. अपघातात एअरबॅग फुगून बाहेर यायची तर तिथली शिवण क्षणार्धात फाटायला हवी, म्हणून ती ठरवून कमजोर दोऱ्याने, ठरलेल्या पद्धतीने घातलेली असते. ती उसवली म्हणून कुणी मजबूत दोऱ्याने शिवली, किंवा तिच्यावर साधं सीट कव्हर आवळून चढवलं, तर एअरबॅगची वाटच बंद होते. ही जुनी जीप त्या भानगडीतली नाही. पण तशी सीट समोर आली तर चाचा पट्टीवर बोट ठेवतात आणि गाडी कंपनीच्या वर्कशॉपला न्यायला सांगतात. कुठली शिवण आपली नाही हे ओळखणं, हाही कारागिरीचाच भाग.

मालकासमोर दुसरा पर्याय होता. बाजारातलं नवं कव्हर आणून सगळी सीट झाकायची. बहुतेक लोक तेच करतात, आणि कव्हरखाली उसवण आपल्या गतीने पुढे जात राहते. कव्हर निघेल तेव्हा वीतभराची हातभर झालेली असते आणि काठ शिवण्यालायक उरलेले नसतात. चाचांनी शिवलेली कडही कधीतरी पुन्हा उसवेल. ऊन तेच, धूळ तीच, चढणं-उतरणंही तेच. पण दुरुस्तीची पारख ती किती वर्षं टिकली यावर संपत नाही. ती सुटेल तेव्हा पुढच्या कारागिराच्या हाती काय येईल, हेही पाहावं लागतं. इथे त्याच्या हाती तुटलेला दोरा येईल आणि पन्नास-साठ जुनी भोकं, चाचांना सापडली होती त्याच मापाची, त्याच जागी. या हिशेबाने वीतभरातली दहा बोटं पैकीच्या पैकी उतरतात. उरलेली दोन काठावर पास होतात, तीही कॅनव्हासच्या जोरावर.